डाव्या बाजूला पडणारा माणूस

तपासणीसाठी पुण्याच्या दवाखान्यात बसलो होतो. शेजारच्या बाईंनी विचारलं, "तुमचं झालं का ऑपरेशन? आमच्या ह्यांचं परवा आहे. नंतर कसं असतं?" त्यांचे यजमान पलीकडं जमिनीकडं बघत बसले होते. त्यांच्याही कानामागं, ऐकण्याच्या आणि तोलाच्या नसेवर, माझ्यासारखीच गाठ होती.

"बरं असतं," मी म्हटलं.

बाईंनी मान हलवली आणि पुढं काही विचारलं नाही. खोटं उत्तर दिलं की माणसं लवकर गप्प बसतात. त्या बाई मला पुन्हा भेटल्या नाहीत. त्यांच्या प्रश्नाचं थोडं लांब आणि जरा खरं उत्तर इथं लिहितो आहे. ते इतर कुणाच्या उपयोगी पडलं तर चांगलंच. धीर येईल याची मात्र खात्री देत नाही.

वारा कमी, म्हणून फॉइल

मी पवनचक्क्यांच्या देखभालीचं काम करायचो. नोकरीची पहिली वर्षं तमिळनाडूच्या किनाऱ्यावर गेली आणि तिथं सुट्टीच्या दिवशी मी काइटसर्फिंग शिकलो. खोलीभर मोठा पतंग, त्याचे दोर कमरेच्या पट्ट्याला, पायाखाली फळी, आणि वारा ओढील तसं पाण्यावरून जायचं. लग्नाआधी हे सांगितलं तेव्हा सासरच्यांना वाटलं, मुलगा संक्रांतीचा पतंग उडवतो. त्यांनी हरकत घेतली नाही.

पुढं बदली होऊन आपल्या जिल्ह्यात, भूमच्या पठारावर आलो. बायको उज्ज्वला परंड्याच्या शाळेत शिक्षिका, म्हणून राहायला परंड्यात. जवळच धरण. पण आमच्याकडं वारा पठारावर आणि पाणी खाली. पाण्यापर्यंत पोचेस्तोवर वारा दमलेला असतो. त्याच्यात साधी फळी बुडते. फॉइल चालतं. फॉइल म्हणजे फळीच्या खाली मांडीइतक्या उंचीचा खांब आणि खांबाच्या टोकाला विमानासारखे छोटे पंख. पंख पाण्याखालीच राहतात. थोडा वेग आला की ते सगळ्याला उचलतात, आणि फळी तुम्हाला घेऊन पाण्याच्या वर, हवेत चालायला लागते.

मी म्हटलं, इतकी वर्षं काइट केलं, हे काय अवघड आहे.

अवघड आहे. आणि नवख्यापेक्षा जुन्या माणसाला जास्त. साध्या फळीवर मागं रेलायचं असतं, मागच्या पायावर दाब द्यायचा असतो, अंगानं पतंगाशी भांडायचं असतं. फॉइलवर ह्यातलं काहीही केलं की पंख उसळी मारतात आणि तुम्ही पाण्यात. वजन पुढच्या पायावर, अंग सरळ, हात जवळजवळ रिकामे. इतक्या वर्षांची अक्कल काठावर ठेवून पाण्यात उतरायचं. पण ती काही केल्या काठावर थांबत नाही, मागं मागं येते.

मी पडत राहिलो. आमच्या साइटवरचा बसवराज, उमरग्याचा, रविवारी गंमत बघायला यायचा. जीपच्या बॉनेटवर बसून भुईमुगाच्या शेंगा खायचा.

"सर, सारखं डावीकडंच का पडायलाव? तिकडं काय पुरून ठेवलंय का?"

"मागचा पाय जड पडतो," मी सांगायचो.

"पाय तर मागं पडायला पायजे. तुमी बाजूला पडायलाव."

मी त्याला वजनाचं, कोनाचं, पंखांच्या रुंदीचं शास्त्र सांगायचो. सगळं शास्त्र बरोबर होतं. शिकणाऱ्या माणसाला पडण्याचं कारण कधी कमी पडत नाही, आणि मी तर वाचलेला माणूस, मला चार जास्त सापडायची. फॉइल सोडून दुसरं काही शिकत असतो, पेटी किंवा कन्नड, तर माझा तोल जातोय हे मला लवकर कळलं असतं. पडणं हाच जिथं अभ्यासक्रम आहे, तिथं आजार कुणाला दिसणार?

शांतता

एका दुपारी फळी उचलली गेली आणि उचललेलीच राहिली. पाच-सात श्वासांइतका वेळ असेल. फॉइलवाले सगळे एका गोष्टीबद्दल बोलतात. फळी पाण्यावर आपटण्याचा आवाज एकदम बंद होतो आणि आपण शांततेवरून जायला लागतो. तसंच झालं. खाली पाणी सरकत होतं आणि कुठूनही काही येत नव्हतं.

काठावर आलो तेव्हा माझे डोळे भरलेले होते. "अशी शांतता मी आयुष्यात कधी ऐकली नाही," मी उज्ज्वलाला म्हटलं.

"मी केव्हाची हाका मारतेय," ती म्हणाली. "एक दोर पट्ट्यात अडकला होता. गळ्याला लागला असता."

मी हसलो. ती हसली नाही. त्या शांततेतली किती फॉइलची होती आणि किती माझ्या कानाची, ह्याचा हिशेब मला आजही लागत नाही. माझ्या आयुष्यातला बहुधा सगळ्यांत सुंदर क्षण थोडाफार आजाराचा होता, एवढं मात्र मानावं लागतं.

बीप

पवनचक्कीच्या मनोऱ्यावर चढणाऱ्यांची दर वर्षी तपासणी होते. त्या वर्षी कानाची चाचणी नव्यानं घातली होती. काचेच्या खोलीत हेडफोन लावून बसायचं, बीप ऐकू आला की बटण दाबायचं. उजवा कान झाला. मग डाव्या कानाची वाट बघत बसलो. बराच वेळ काही सुरूच होईना. शेवटी तिथली मुलगी आत आली आणि हेडफोन काढायला लागली.

"डावा राहिलाय," मी म्हटलं.

"झाला की, सर," ती म्हणाली आणि कागदाकडं बघत राहिली.

पुढं सोलापूरला स्कॅन. रिपोर्ट घ्यायला उज्ज्वला बरोबर आली होती. डॉक्टरांनी पडद्यावर एक पांढरा ठिपका दाखवला, सीताफळाच्या बीएवढा दिसत होता. गाठ कॅन्सरची नाही, असं त्यांनी पहिल्यांदा सांगितलं आणि आम्ही दोघं सुटकेनं खुर्चीत मागं टेकलो. मग बाकीचं सांगितलं. ती हळूहळू वाढते, मेंदूला दाबायला लागली आहे, काढावी लागेल. काढताना डाव्या कानाचं ऐकणं राहणार नाही. तसं ते आत्ताही फारसं राहिलेलं नाही. दीड-दोन वर्षांपासून कमी होत आलं असणार. "घरात कुणाच्या लक्षात आलं नाही का?" त्यांनी विचारलं. सहज विचारलं.

परतताना जीप मी चालवत होतो. उज्ज्वला डावीकडं. ती काहीतरी बोलली असावी, कारण थोड्या वेळानं तिनं माझा हात हलवला.

"गाडी थांबवा."

मी रस्त्याच्या कडेला थांबवली. ती उतरली आणि मागच्या सीटवर, बरोबर माझ्या मागं, उजव्या अंगाला येऊन बसली. आरशात मला तिचं कपाळ तेवढं दिसत होतं.

"आता येतंय ऐकू?"

"येतंय."

"मागच्या उन्हाळ्यात आपण सोनारीहून येत होतो. गाडीत मी तुम्हाला विचारलं होतं, आईला आपल्याकडं आणू का म्हणून. कायमची."

मला काही आठवत नव्हतं. तसं मी सांगितलं.

"आठवायला आधी ऐकू यावं लागतं," ती म्हणाली. "तुम्ही समोर बघत गाडी चालवत राहिला. वर चक्क्या दिसत होत्या, तिकडं एकदा बघितलं. मी समजले, उत्तर मिळालं."

"परत विचारायचंस."

"का? भीक मागायची होती का?"

तिची आई सोनारीला भैरवनाथाच्या देवळामागं एकटी राहायची. दिवसभर कौलांवरची वानरं हाकलायची आणि त्यांनाच शिळी भाकरी घालायची. हा विरोधाभास कुणी दाखवला तर चिडायची. त्याच वर्षी थंडीत ती गेली. दुपार झाली तरी दार उघडेना, म्हणून शेजारणीनं ढकललं. तोवर वानरं अंगणात येऊन बसली होती.

"मी हो म्हटलं असतं," मी म्हटलं.

"म्हटलं असतं," उज्ज्वला म्हणाली. "आता म्हणायला काय जातंय."

मी खरंच हो म्हटलं असतं का? असतं, असं मला वाटतं. घरात जागा होती, आणि सासूबाईंशी माझं बरं जमायचं. पण न दिलेलं उत्तर नंतर कुठल्या स्कॅनमध्ये दिसत नाही. गाठ सापडली त्या दिवशी मला आजारापेक्षा ह्याची जास्त भीती वाटली, आणि ह्याच्यावर पुण्यात कुणी सर्जन नव्हता.

वर कुठं आहे

पुण्याच्या दवाखान्यात दारातच एक कृत्रिम धबधबा होता आणि त्याच्यावर संस्थापकांचा माणसापेक्षा मोठा फोटो. आजारी माणसाला धबधब्याशेजारी का बसवतात, कळत नाही. सगळ्यांना सारखी लघवीला लागत होती.

सर्जन मात्र साधे होते. मी त्यांना एकच प्रश्न विचारला, फॉइलवर परत उभं राहता येईल का? फॉइल म्हणजे पोळ्या गुंडाळायचा कागद, अशी त्यांची समजूत झाली, ती दूर करायला थोडा वेळ गेला. मग त्यांनी विचार करून सांगितलं. एका बाजूची तोलाची नस आता जाणारच. चालणं, उभं राहणं तुम्ही डोळ्यांनी आणि पायांनी पुन्हा शिकाल, फॉइलही कदाचित जमेल. "पण पडाल तेव्हा काय? पाण्याखाली डोळे मिटलेले, अंगाला काही लागत नाही. तिथं वर कुठं आहे हे कानच सांगतो. नंतर काही जणांना ते परत कळायला लागतं. काहींना नाही."

"माझं कधी कळेल?"

"पाण्यात गेल्यावर," ते म्हणाले, "म्हणून तर जाऊ नका म्हणतोय."

त्यांनी सोपा सल्ला दिला होता. मी त्यातलं 'काही जणांना' एवढंच उचललं. पुढचं सगळं आजारपण मी त्या दोन शब्दांवर काढलं. मला त्या काही जणांत बसायचं होतं.

भिंत

ऑपरेशनबद्दल मला काही माहिती नाही, मी झोपेत होतो. नंतर मात्र खोली डावीकडं फिरत राहिली. डोळे मिटले तर जास्त फिरायची. पोटात पाणी ठरत नव्हतं. चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली होती, डोळा मिटायचा नाही, म्हणून त्याला चिकटपट्टी लावायचे. चहा उजव्या कोपऱ्यातून प्यायचा, डाव्या कोपऱ्यातून परत येणारा पुसायचा.

वॉर्डातल्या मावशी मूळच्या आमच्याच, कळंबकडच्या निघाल्या. मला पहिल्यांदा उभं केलं तेव्हा मी कॉटचा गज सोडेना.

"भिंतीला धरा, साहेब. भिंत कुटं जात न्हाय."

"जायलीय, मावशी. आत्ताच गेली."

"मग तिच्यासंगं जावा की जरा. चार पावलं," त्या म्हणाल्या आणि माझ्या काखेत हात घातला.

उज्ज्वलानं रजा काढली होती. सगळं केलं तिनं, कशाला नाही म्हटलं नाही, कंटाळा दाखवला नाही. पण लागेल तेवढंच बोलायची. गोळी घ्या. कूस वळवा. पट्टी ओली झालीय. आठवणीनं माझ्या उजव्या बाजूला येऊन उभी राहायची आणि तिथं गप्प राहायची. आधी ती डावीकडून बोलायची तेव्हाही मला काही ऐकू यायचं नाही. दोन्हींत फारसा फरक नाही, असं एखादा म्हणेल. फरक होता.

तुमच्या माणसाचं ऑपरेशन असेल तर एवढं सांगतो. बरोबरच्या माणसाला आजार नसतो, म्हणून त्याला काही होत नाही असं सगळे धरून चालतात. भेटायला येणारे पेरू माझ्यासाठी आणायचे. उज्ज्वलाला कुणी 'जेवलात का' म्हणूनसुद्धा विचारायचं नाही. एकट्या मावशी विचारायच्या.

सत्कार

गावी आलो तर चौकात फ्लेक्स लागलेला. 'मृत्यूशी यशस्वी झुंज देऊन परतलेले आमचे मार्गदर्शक'. फोटो लग्नाच्या वेळचा होता, कारण त्यात चेहऱ्याच्या दोन्ही बाजू हसत होत्या. ज्यांच्या शुभेच्छा होत्या त्यांची नावं माझ्यापेक्षा मोठ्या अक्षरांत.

"हे कुणी केलं?" मी बसवराजला विचारलं.

"सगळ्यांनी मिळून. मी 'झुंजार' बी टाका म्हणलो होतो, जागा पुरली न्हाय."

मी कुणाशी झुंजलो नव्हतो. गाठ काढली ती सर्जननी, आणि तेव्हा मी भूल घेऊन पडलो होतो. पण सत्कार ठरला होता. एका पुढाऱ्यांनी मरणावर बरंच भाषण केलं. शाल घालायला ते पुढं आले, मी मान वाकवली आणि नेहमीसारखा डावीकडं गेलो. त्यांच्या खांद्याला धरूनच थांबलो. फोटोत आम्ही जिवलग मित्र दिसतो.

मनोऱ्यावर चढणं बंद झालं. आता मी खोलीत बसून पडद्यावर चक्क्या बघतो.

काइटवाला वारा कानांनी शोधतो. तोंड हळूहळू फिरवायचं, दोन्ही कानांत वारा सारखा वाजला की नाक बरोबर वाऱ्याकडं. गच्चीवर जाऊन मी तसं करून बघायचो. आता वारा नेहमी उजवीकडून येतो. पूर्वेकडं तोंड केलं तरी आणि पश्चिमेकडं केलं तरी.

त्या महिन्यांत सोनारीचं घर आवरायला गेलो होतो. उज्ज्वला आईची भांडी पोत्यात भरत होती. मी दाराला टेकून उभा होतो, वाकलो की पडायचो म्हणून. तिनं एकदम म्हटलं, "आईलाही शेवटी कमीच यायचं ऐकू. तुमचं दोघांचं बरं चाललं असतं."

मी काही बोललो नाही. मग ध्यानात आलं आणि घाईघाईनं मोठ्यानं म्हटलं, "ऐकलं मी. ऐकलं."

"कळलं," ती म्हणाली. "ओरडू नका."

धरण

वर्ष उलटल्यावर मी बरा चालायला लागलो. चेहरा बराचसा सरळ झाला. डोळे मिटून एका पायावर उभं राहायचा सराव करायचो, आणि जमायला लागलं होतं. मी उज्ज्वलाला म्हटलं, मला एकदा फॉइल करून बघायचंय.

ती भांडली नाही. "आधी बुडून दाखवा," म्हणाली. "छातीएवढ्या पाण्यात, मी शेजारी असताना. आलात वर, तर पतंग मी स्वतः धरीन."

हे न्याय्य होतं.

उन्हाळा होता, पाणी बरंच मागं सरकलेलं. बसवराजनं पतंगाची पिशवी काठावर आणून ठेवली आणि माती उडवून वारा बघितला. "वारा एक नंबर हाय सर आज," तो ओरडला. उज्ज्वलानं ओढणी कमरेला बांधली आणि माझ्याबरोबर पाण्यात आली. पोहता येत नाही तिला. पाणी तिच्या छातीपर्यंत आलं तेव्हा ती थांबली आणि माझ्या उजव्या बाजूला उभी राहिली.

"फॉइलवरून पडल्यावर जसं होतं तसं करा," ती म्हणाली. "उगाच सोपं करू नका."

मी डोळे मिटले, श्वास घेतला, आणि फॉइल फेकतं तसं स्वतःला बाजूला टाकून पाण्याखाली एक कोलांटी घेतली. पाय तळाला लागू दिले नाहीत. मग थांबलो.

भीती वाटली नाही. हे सांगायला हवं, कारण मी भीतीची तयारी करून गेलो होतो. चक्कर नव्हती, गोंधळ नव्हता. सगळं अंग अगदी खात्रीनं सांगत होतं, वर इकडं आहे. इतकी खात्री मला त्या वर्षात कशाचीच वाटली नव्हती. मी मनात म्हटलं, कळतंय मला, मी काही जणांतला आहे. आणि हात पुढं करून जोरानं पाय मारले.

बोटं मऊ, थंड गाळात मनगटापर्यंत रुतली.

तेवढ्यात शर्टाला मागून हिसका बसला आणि मी उजेडात आलो. खोकलो, नाकातून पाणी गेलं. उज्ज्वलानं दोन्ही हातांनी माझी कॉलर धरली होती. सोडत नव्हती.

"कुठं निघाला होता?"

"वर," मी म्हटलं.

तिनं माझ्या मुठीकडं बघितलं. मूठ अजून मिटलेली होती आणि बोटांतून काळा गाळ गळत होता. तिनं एका हातानं कॉलर तशीच धरून ठेवली आणि दुसऱ्या हातानं माझी बोटं एकेक करून उघडली. पहिलीतल्या पोरांचे हात धुतात तसा माझा तळवा पाण्यात चोळून धुतला, नखांतलासुद्धा काढला. मला वाटलं, पाणी तोंडावर होतं म्हणून तिला मी रडतोय हे कळलं नसेल. तिचं तोंड कोरडं होतं, त्यामुळं तिचं रडणं मला दिसत होतं.

काठावर बसवराज पिशवीची चेन उघडून पतंग बाहेर काढायला लागला होता.

"बसवराज भाऊ," तिनं हाक मारली, "पतंग आत ठेवा."

"का ओ वहिनी? वारा लई चांगला सुटलाय."

"असू द्या," ती म्हणाली.